दोष माहेरचा की सासरचा? उंदरांनी दिलेलं उत्तर

घरातल्या तरुण मुलीला ल्युपस झाला, किडनीला सूज आली, की आपल्या समाजात पहिला प्रश्न विचारला जातो : "हे कोणाच्या खानदानातून आलं?" मुलगी आजाराशी झगडत असते आणि दोन्ही घरं एकमेकांकडे बोट दाखवत असतात. या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये शोधलं आहे. ते आपण समजून घेऊ.

ल्युपसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच पेशींना शत्रू समजते. पेशींतल्या डीएनएविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, किडनीच्या बारीक गाळण्यांत अडकतात आणि तिथे सूज येते. मग लघवीतून प्रोटीन जाऊ लागतं.

न्यूझीलंडमध्ये डुनेडिन इथे उंदरांच्या दोन जाती वाढवल्या होत्या. काळ्या जातीला रक्तक्षयाचा आजार व्हायचा, पांढरी जात बऱ्यापैकी निरोगी होती. या दोन जातींच्या संकरातून झालेल्या पिल्लांना मात्र ल्युपससारखा किडनीचा गंभीर आजार होतो, असं 1963 मध्ये दिसून आलं. माद्यांना तो नरांपेक्षा लवकर होतो. माणसांतही ल्युपसच्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात.

मग दोष कोणाचा? 1990 च्या दशकात अमेरिकेत लॉरेन्स मोरेल आणि एडवर्ड वेकलंड यांनी याच वंशातल्या उंदरांचे जनुकीय भाग वेगवेगळे करून तपासले. पहिल्या गुणसूत्रावरचा एक भाग निरोगी उंदरात एकटा आणला, तेव्हा अँटिबॉडी तयार झाल्या, पण किडनी जवळजवळ शाबूत राहिली. त्याला सातव्या गुणसूत्रावरच्या भागाची जोड मिळाली, तेव्हा किडनी बिघडली. आणखी एक गोष्ट सापडली. पांढऱ्या जातीत आजाराला आवर घालणारा भागही होता. म्हणजे ज्या घराण्यातून धोका आला, त्याच घराण्यातून बचावही आला होता!

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण माणसांतही बहुतेक रुग्णांमध्ये या आजारामागे अनेक जनुकं असतात. त्यांच्या जोडीला हार्मोन, ऊन, संसर्ग अशा गोष्टीही असतात. आई-वडील दोघंही ठणठणीत असू शकतात. म्हणून एका खानदानावर ठपका ठेवणं शास्त्राला धरून नाही, आणि इन्साफाला तर नाहीच.

त्यापेक्षा लक्षणांकडे लक्ष देऊ. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, लघवीला फेस, गालांवर लालसर चट्टे, सांधेदुखी, वाढलेलं बीपी, यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांकडे जाऊन लघवी आणि रक्त तपासून घ्यावं. लवकर उपचार सुरू झाले तर किडनी वाचवता येते. मुलीसाठी दुआ तर आपण करूच. सोबत औषधं वेळेवर चालू ठेवू आणि तिला टोमणे मारणं बंद करू.