जमिनीखालचा वारा

हॅरो, लंडन

आमच्या गावी, मनोरला, घरामागे एक खोली काढायची म्हटली की जमीन कशी करायची, हे कुणी विचारत नाही. जोतं उचलायचं, आत मुरूम टाकायचा, पाणी मारून धुम्मस करायची, वर सोलिंग, काँक्रीट, फरशी. इथे आम्ही स्वयंपाकघरामागे खोली वाढवायला घेतली, तर कंत्राटदाराचा पहिलाच प्रश्न: जमीन भरीव हवी की अधांतरी?

या प्रश्नाचं मूळ जुन्या घरात आहे. या उपनगरातली बरीच घरं 1930 च्या आसपासची. आपल्या वाड्यात कडीपाट वरच्या मजल्याला असतो, इथे तो तळमजल्यालाच. बुटक्या भिंती, त्यांवर लाकडी वासे, वाशांवर फळ्या आणि खाली पोकळी. वाळवी इथे जवळपास नाहीच, म्हणून लाकूड मातीच्या इतकं जवळ राहू शकतं. पण ओल आहे, तीही बारमाही. म्हणून बाहेरच्या भिंतीत, खालच्या अंगाला, भोकांच्या विटा बसवतात. पुढून शिरलेला वारा घराच्या पोटाखालून मागे निघून जातो आणि वासे कोरडे राहतात. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाचा तुटवडा पडला, तशा काँक्रीटच्या भरीव जमिनी वाढल्या.

जुन्या घराला मागे भरीव खोली जोडली की मागच्या विटा बुजतात. मग काँक्रीटखालून नळ्या टाकून वारा बाहेरपर्यंत न्यावा लागतो. शेजारच्या आजींच्या घरी आधीच्या मालकाने ते केलं नव्हतं. त्यांनी एक फळी उचलून दाखवली. वाशाचं टोक काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी चौकोन पडलेलं. बोटाने दाबलं तर भाजलेल्या पापडासारखं चुरलं. वास मात्र ओळखीचा, आपल्याकडे पावसाळाभर बंद राहिलेल्या घराचा.

दुसरा प्रश्न मातीचा. लंडनची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. 1976 च्या अवर्षणात कितीतरी घरांना तडे गेले आणि त्यानंतर पाये अधिक खोल जाऊ लागले. जवळ झाड असेल तर आणखी खोल. आमच्या अंगणाला उतार असल्याने एका टोकाला भराव 700 मिलिमीटर होत होता. नव्या घरांना हमी देणाऱ्या एनएचबीसीच्या मानकांप्रमाणे भराव 600 च्या वर गेला की जमीन त्यावर टेकवायची नाही, कारण भराव दबतो आणि सगळीकडे सारखा दबत नाही. अशा वेळी काँक्रीटच्या तयार तुळया भिंतीपासून भिंतीपर्यंत टाकून मध्ये ब्लॉक बसवतात. वजन भिंतींवर, खाली मोकळी हवा. आम्ही तेच केलं, आणि जुन्या घराचा वारा नव्या पोकळीतून वाहता राहिला. खर्च वाढला, पण तो योग्यच होता. कौन्सिलचा तपासनीस काँक्रीट ओतण्याआधी चर पाहून गेला, तुळया झाकण्याआधी पुन्हा आला. झाकण्याआधी बघायचं, ही इथली रीत मला फार मोलाची वाटते.

600 मिलिमीटर म्हणजे दोन फूट. मनोरला जोतं सहज तीन फुटांचं असतं आणि भराव बहुधा एकाच दमात पडतो. आमची पडवी पहिल्याच पावसात मधोमध खचली. तिथे साचलेलं पाणी आई कित्येक वर्षं फडक्याने टिपत होती. धाकटा भाऊ यंदा तीच पडवी वाढवतोय. त्याला फोनवर सांगितलंय: सहा-सहा इंचांचे थर कर, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस, आणि एक पावसाळा जाईपर्यंत फरशी बसवू नकोस.