मालमोटारींची धुलाई आणि रंगाचे आयुष्य

दक्षिण दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत होय. तिच्या लगतच्या सरोजिनी नगरासह दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळाने 2016 साली संमती दिली. अशा मोठ्या बांधकामांना कालवलेले काँक्रीट पुरविणाऱ्या मालमोटारींकडे थोडे निरखून पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. गाडीचे यंत्र अद्याप सुस्थितीत असते; परंतु पिंपावरील व दारांवरील रंग मात्र फिकट, खडूसारखा भुरभुरीत झालेला असतो, आणि मालकाचे नाव असलेल्या अक्षरांच्या कडा उचकटलेल्या दिसतात. याचा दोष सामान्यतः उन्हाला दिला जातो. ऊन या बाबतीत निर्दोष नाही, हे खरे. तथापि नुकसानीचा मोठा वाटा पुष्कळदा धुलाईकडेच जातो.

हे समजण्यासाठी प्रथम रंग म्हणजे काय, ते पाहिले पाहिजे. रंगाच्या थरात रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असतात आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारे रेझीन असते. मालमोटारींवर हाताने दिल्या जाणाऱ्या तेलरंगात बहुधा अल्किड रेझीन असते. जवसासारख्या तेलातील मेदाम्ले आणि अल्कोहोल गटातील पदार्थ यांच्या संयोगाने ते बनते. या जोडणीला रसायनशास्त्रात एस्टर बंध म्हणतात. खाद्यतेलातही हाच बंध असतो. तेलात कॉस्टिक सोडा मिसळून उष्णता दिली की हा बंध तुटतो व साबण तयार होतो. तीव्र अल्काने गाडी धुतली असता नेमकी हीच क्रिया रंगाच्या थरात घडते. धुणाऱ्याच्या हाताखाली मळाबरोबर रंगाचाही साबण होऊन पाण्यात वाहू लागतो. रेझीन गेले की रंगद्रव्य उघडे पडते आणि बोट फिरविताच भुकटीच्या रूपाने हाताला लागते.

द्रावणाची तीव्रता सामूवरून कळते. हे मापन डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन याने 1909 साली सुचविले. शुद्ध पाण्याचा सामू 7 असतो आणि प्रत्येक अंकाबरोबर तीव्रता दहापटीने बदलते. एक लिटर पाण्यात केवळ 4 ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळविला तरी सामू 13 च्या आसपास पोहोचतो. म्हणूनच ‘मूठभर अधिक टाकले तर काय बिघडते’ हा हिशेब येथे चुकतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर ही क्रिया अधिक वेगाने होते.

काँक्रीटच्या गाड्यांवर आम्लाचा प्रसंग येतो. वाळलेले सिमेंट पाण्याने निघत नाही, म्हणून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओततात. आम्ल सिमेंटला विरघळविते खरे, पण त्यातून कॅल्शियम क्लोराइड तयार होते. हवेतील ओलावा शोषून घेणारे हे लवण सांध्यांत व रंगाच्या चिरांत साचून राहते. तेथील पोलाद सतत ओलसर राहते, क्लोराइडमुळे गंज वेगाने चढतो आणि काही काळाने रंगावर फोड उठतात. फोड दिसू लागतो तेव्हा त्याखालचा पत्रा गंजलेला असतो.

रंगद्रव्येही सारख्याच स्वभावाची नसतात. अल्ट्रामरीन हे निळे द्रव्य अल्कात टिकते, पण सौम्य आम्लातही विरंजते. याउलट प्रशियन निळा आम्लाला दाद देत नाही. अल्काने मात्र तो तपकिरी पडतो. त्यामुळे एकाच द्रावणाने धुतलेल्या दोन निळ्या गाड्यांची गत निराळी होऊ शकते.

चिकटविलेल्या अक्षरांचे व चित्रांचे दुखणे वेगळे आहे. ती व्हिनिलच्या पातळ पटलावर छापलेली असतात. हे पटल मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असू शकते. रॉकेल किंवा डिझेल यांसारखे विद्रावक कडेतून आत शिरून चिकटद्रव्य फुगवितात, आणि मग जोराच्या फवाऱ्याने कड उचलली जाते. पटलाला लवचीक ठेवणारे द्रव्य निघून गेल्यावर ते आखडते व तडकते. मालकाचे नाव पुसले गेल्यास मन दुखावते. प्रकाश परावर्तित करणारी पट्टी निकामी झाल्यास मात्र जीव जाऊ शकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 अन्वये मालवाहू गाड्यांवर अशा पट्ट्या आवश्यक केलेल्या आहेत: समोर पांढरी, मागे तांबडी, बाजूंना पिवळी. कडेतून पाणी शिरलेली पट्टी दिवसा जशीच्या तशी दिसते, पण रात्री रस्त्याकडेला उभी असलेली गाडी मागून येणाऱ्याला वेळेवर दिसत नाही.

ॲल्युमिनियमच्या टाक्या व चाके उजळविण्यासाठीच्या काही द्रावणांत हायड्रोफ्ल्युओरिक आम्ल असते. ते काचेलाही खाते. त्वचेवर पडल्यास आरंभी वेदना जाणवेलच असे नाही. ते आत झिरपून शरीरातील कॅल्शियम बांधून टाकते. अशा वेळी भरपूर पाण्याने धुऊन विनाविलंब रुग्णालय गाठणे अगत्याचे असते. तेथे कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार करतात. उघड्या हातांनी धुलाई करणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने गाडीच्या रंगापेक्षा हीच बाब अधिक महत्त्वाची आहे.

यावरील उपाय खर्चिक नाहीत. गाडी सावलीत उभी करून पत्रा निवू द्यावा. प्रथम साध्या पाण्याने धूळ उतरवावी, कारण कोरडी धूळ चोळल्यास रंगावर ओरखडे पडतात. त्यानंतर सामू 7 ते 9 असलेले सौम्य अपमार्जक खालून वर लावावे आणि ते वाळण्यापूर्वी वरून खाली धुऊन काढावे. फवारा अक्षरांच्या कडांवर रोखू नये. सिमेंटच्या बाबतीत तर वेळ हेच सर्वांत स्वस्त द्रव्य आहे. काँक्रीट उतरविताच, ते घट्ट होण्यापूर्वी, जागच्या जागी पाण्याने गाडी धुतली, तर नंतर आम्लाची बाटली उघडण्याचा प्रसंग सहसा येत नाही.