कार्बनची चाके : चढाआधी उताराचा विचार करा

सायकल हे गरिबाचे वाहन, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आता चित्र बदलले आहे. पहाटे साडेपाचला साताऱ्यातून बाहेर पडणाऱ्या कोणत्याही रस्त्यावर उभे राहा. हेल्मेट घातलेले, घट्ट कपड्यांतले पाच-सात सायकलस्वार हमखास दिसतील. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पार केली. तेव्हापासून आपल्याकडे या छंदाला चांगलाच जोर आला. डॉक्टर म्हणून मला याचा आनंदच आहे. रक्तदाब, साखर आणि वजन ताब्यात ठेवण्यासाठी सायकलीसारखे साधन नाही.

मात्र छंदाबरोबर खर्चही येतो. हल्ली तपासून झाल्यावर पेशंट दारातून मागे वळून विचारतात, "डॉक्टर, कार्बनची चाके घेऊ का?" वरवर पाहता हा प्रश्न दुकानदाराला विचारायचा. पण घाटात पडलेला माणूस दुकानदाराकडे जात नाही, आमच्याकडे येतो. म्हणून आज या विषयावर चार शब्द.

कार्बनचे चाक म्हणजे काय?

नेहमीच्या रोड बाईकच्या चाकाची रिम अॅल्युमिनियमची असते. कार्बनच्या चाकात ती कार्बनच्या अतिशय बारीक तंतूंची असते. हे तंतू एकावर एक थर देऊन इपॉक्सी नावाच्या राळेने चिकटवतात. वजनाच्या मानाने हा पदार्थ फार मजबूत असतो आणि त्याला हवा तसा आकार देता येतो. त्यामुळे रिम खोल, म्हणजे वाऱ्याला कापत जाईल अशी करता येते. किंमत मात्र साधारण पन्नास-साठ हजारांपासून दोन लाखांच्याही वर जाते.

या चाकांचे दोन फायदे सांगितले जातात : वजन कमी आणि वाऱ्याचा अडथळा कमी. दोन्ही खरे आहेत, पण ते कोणाला आणि किती, हे पाहायला हवे.

वजनाचा हिशोब

साध्या चाकांच्या जोडीचे वजन पावणेदोन ते दोन किलो भरते. कार्बनची मध्यम जोडी दीड किलोच्या आसपास असते. बचत झाली सुमारे ४०० ग्रॅमची. सायकल, पाण्याच्या बाटल्या आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर ही बचत अर्धा टक्कासुद्धा होत नाही. एक तास लागणाऱ्या चढाला त्यामुळे पंधरा-वीस सेकंद वाचतील. शर्यतीत उतरणाऱ्या खेळाडूला त्या सेकंदांचे मोल आहे. पण ज्यांच्या पोटावर सहा-सात किलो जास्तीचे आहेत, त्यांनी त्यातले दोन किलो उतरवले तरी चाकांच्या पाचपट फायदा फुकटात होतो, शिवाय गुडघे आणि हृदय दुवा देतात.

वाऱ्याचा फायदा वेगाबरोबर वाढतो. ताशी तीसच्या पुढे सतत चालवणाऱ्याला तो जाणवतो. वीस-बावीसच्या वेगाने जाणाऱ्याला फारसा नाही. उलट पन्नास-साठ मिलिमीटर खोल रिमला आडवा वारा लागला की पुढचे चाक शिडासारखे खेचले जाते. घाटमाथ्यावर किंवा ट्रक बाजूने गेल्यावर असा झटका बसतो. अंगाने हलक्या स्वारांनी पुढचे चाक तरी कमी खोलीचेच घ्यावे.

उताराचे गणित

आता मुख्य मुद्दा. चाके घेताना सगळे चढाचा विचार करतात. माझा आग्रह आहे की विचार उताराचा करावा.

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना आपण बाराशे मीटरहून जास्त खाली येतो. ८५ किलो वजन एवढे खाली आणताना सुमारे दहा लाख जूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेवर तीन लिटर पाणी उकळेल. तिचा काही भाग वाऱ्याशी झगडण्यात जातो, पण वळणावळणाच्या घाटात बराच भाग ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरतो.

सायकलीला रिमवर दाबणारे ब्रेक असतील, तर ही उष्णता थेट रिमला लागते. अॅल्युमिनियम उष्णतेचा चांगला वाहक आहे. तो तापतो, पण उष्णता सगळीकडे पसरवून हवेला देतो. कार्बनच्या रिममध्ये ती ब्रेकच्या पट्टीवरच साचते. तंतूंना त्याचे काही वाटत नाही, पण त्यांना बांधणारी राळ ठरावीक तापमानाच्या पुढे मऊ पडते. आत टायरमधल्या हवेचा दाब असतोच. मग रिमची कड फुगते, थर सुटतात किंवा ट्यूब फुटते, आणि हे सगळे भर उतारावर, ताशी चाळीसच्या वेगात. सर्वांत जास्त धोका वजनदार आणि उताराला घाबरणाऱ्या स्वाराला असतो, कारण तोच ब्रेक सतत दाबून ठेवतो.

डिस्क ब्रेकच्या सायकलीत ही उष्णता हबजवळच्या पोलादी तबकडीत जाते आणि रिम वाचते. मोठ्या रोड शर्यतींत २०१८ पासून डिस्क ब्रेकला रीतसर परवानगी आहे. आपल्या घाटांत आणि पावसाळ्यात फिरणाऱ्याने कार्बनची चाके घ्यायचीच असतील, तर ती डिस्क ब्रेकच्या सायकलीवरच घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त घाट उतरल्यावर तबकडीला हात लावू नये. बोट चांगले भाजते.

रिम ब्रेकच असतील तर

काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. कार्बनसाठी बनवलेलीच ब्रेक रबरे वापरावीत. अॅल्युमिनियमच्या रिमवर वापरलेली रबरे पुन्हा इथे लावू नयेत, कारण त्यांत रुतलेले धातूचे कण कार्बनला ओरखडे पाडतात. लॅटेक्सच्या ट्यूब टाळाव्यात, त्यांना उष्णता सोसत नाही. पावसात कार्बनची रिम ओली झाली की ब्रेक उशिरा पकडतो. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलके दाबून रिम पुसून घ्यावी.

आणि ब्रेक धरण्याची रीत बदलावी. सतत घासत उतरू नये. वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करावा आणि वळणात शिरताना सोडावेत. मधल्या काळात वारा लागून रिम थंड होते. लांब घाटात दोनदा थांबावे. देखावा पाहून होतो, चाके निवतात आणि मनगटांनाही विश्रांती मिळते.

हाताला मुंग्या आणि टायरमधली हवा

"चाके बदलली, तरी करंगळीला मुंग्या येतात," अशी तक्रार घेऊन एक चाळिशीतले शिक्षक आले होते. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने अल्नर नावाची नस जाते. हँडलवर तासन्‌तास भार पडला आणि रस्त्याचे हादरे बसले की ती दबते. करंगळी व शेजारचे बोट बधिर होते. दुर्लक्ष केल्यास पकडही कमजोर होते, आणि मग ब्रेक दाबणेच अवघड.

कार्बनची चाके हादरे शोषून घेतात, असा समज आहे. खरे म्हणजे हादरे कमी होतात ते मुख्यतः टायरच्या रुंदीने आणि योग्य हवेने. या गृहस्थांच्या २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ११० पौंड हवा होती. टायर २८ चे घेतले, हवा सत्तर-पंच्याहत्तरवर आणली, हँडल थोडे वर घेतले आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायला सांगितले. महिन्याभरात मुंग्या गेल्या. खर्च चाकांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

एक इशारा इथेच देतो. हल्ली काही कार्बन रिमना टायर धरून ठेवणारी आतली कड नसते. त्यांना 'हुकलेस' म्हणतात. अशा रिमवर हवा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पौंडांच्या वर कधीही भरू नये आणि कंपनीने मान्य केलेलेच ट्यूबलेस टायर वापरावेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर शर्यतीत थॉमस दे गेंट हा बेल्जियमचा खेळाडू पडला. त्याच्या हुकलेस रिमवरून टायर निघाला होता, आणि त्यावरून बरीच चर्चा झाली. पंपवाल्याला "टाक रे शंभर" म्हणण्याची सवय इथे महागात पडेल.

खड्डा, तडा आणि कुसळ

अॅल्युमिनियमची रिम खड्ड्यात आपटली की वाकते, आणि ते दिसते. कार्बन वाकत नाही, तडकतो, आणि तडा रंगाखाली लपू शकतो. जोराचा खड्डा लागला की चाक पुसून उजेडात पाहावे. कापसाचा बोळा कडेने फिरवावा. धागे अडकले तर तिथे तंतू उघडे पडले आहेत असे समजावे. बोट मात्र फिरवू नये. कार्बनचे कुसळ बारीक आणि ठिसूळ असते, काढताना मोडते. शिवाय कार्बन क्ष-किरणांना फारसे अडवत नाही, म्हणून तर एक्स-रेच्या टेबलाची फळी कार्बनची करतात. साहजिकच कुसळ एक्स-रेत दिसेल याची खात्री नसते. सोनोग्राफीचा उपयोग होतो. तडा गेलेली रिम घरी घासून चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. ती धूळ त्वचेला आणि श्वासनलिकेला त्रास देते, आणि दुरुस्तीचा भरवसाही नसतो.

पडलात तर

खरचटलेली जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी. हळद, टूथपेस्ट, चहापूड काही लावू नये. जखमेत माती गेली असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा घ्यावी. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल, तर 'मुरगळले असेल' म्हणून सोडू नये. तिथल्या लहान हाडाचा तडा पहिल्या एक्स-रेत दिसत नाही, असे पुष्कळदा होते. दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते.

डोक्याला मार लागून उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी किंवा घडलेले न आठवणे यांपैकी काहीही झाले, तर तडक इस्पितळ गाठावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असणाऱ्यांनी लक्षणे नसली तरी डॉक्टरांना दाखवावे.

पैसे आधी कशावर?

साध्या सायकलीला लाखाची चाके म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून माझा क्रम असा आहे :

१. डोक्याला नीट बसणारे हेल्मेट. एकदा जोरात आपटले की ते बदलावे.
२. पुढे पांढरा, मागे लाल दिवा.
३. सीट व हँडलची उंची जाणकाराकडून बसवून घेणे.
४. चांगले रुंद टायर आणि हवेचा दाब दाखवणारा पंप.
५. चाळिशी ओलांडली असेल तर रक्तदाब, साखर, चरबी आणि ईसीजी. छातीत दडपण किंवा धाप लागत असेल, तर तपासणी होईपर्यंत घाट बंद.

एवढे झाल्यावर पैसे उरले आणि हौस असली, तर कार्बनची चाके जरूर घ्यावीत. हौसेला मोल नाही, आणि चांगली वस्तू वापरण्याचा आनंदही आरोग्याला पोषकच असतो. फक्त बिल आणि वॉरंटी असलेली, आपल्या वजनाला चालणारी घ्यावीत. नाव नसलेली स्वस्त जोडी किंवा कोणीतरी आपटून विकलेली जुनी जोडी घेऊ नये. दुकानदाराला चाके किती वेगाने पळतात हे विचारण्याआधी, आपल्या वजनाला ती घाटात थांबतील कशी, हे विचारावे. चढ आपल्याला फार तर दमवतो. इजा होते ती उतारावर.