कोलेस्टेरॉलवरची गोळी आणि आपली सावधगिरी



माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक नेहमी येतात. त्यांना एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला आहे. गेल्या पावसाळ्यात रक्ततपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "डॉक्टर, कोलेस्टेरॉल उतरले, गोळी मी परवापासून बंद केली." मी विचारले, "मास्तर, अंग कोरडे राहिले म्हणून भर पावसात छत्री मिटाल काय?" ते हसले, परंतु लगेच म्हणाले, "पण जन्मभर घेतलेले हे रसायन मला बाधणार नाही कशावरून?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हे.

कोलेस्टेरॉल हे काही विष नाही. पेशींची आवरणे बांधावयास, पित्तरस बनवावयास ते लागतेच. त्यातले बरेचसे आपले यकृतच तयार करते. अन्नातून येते ते त्या मानाने थोडे. म्हणूनच तूप सोडूनही काहींचा आकडा उतरत नाही आणि घरची मंडळी मात्र चोरून खाल्ल्याचा आळ घेतात! रक्तात हे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल नावाचे कण फार झाले, की ते रोहिणीच्या भिंतीत शिरून साठू लागतात. तेथे दुखत नाही, खुपत नाही. कळते ते पुष्कळ वर्षांनी, आणि कधी कधी एकदमच.

मास्तरांच्या शंकेला इतिहासाचा आधार आहे. १९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरॅनॉल नावाचे औषध निघाले. त्याने कोलेस्टेरॉल उतरे खरे, पण रोग्यांचे केस गळू लागले, डोळ्यांत मोतीबिंदू होऊ लागले आणि १९६२ साली ते बाजारातून काढून घ्यावे लागले. असे का झाले? यकृतातील कोलेस्टेरॉलची घडण ही अनेक पायऱ्यांची आहे. या औषधाने अगदी शेवटची पायरी अडविली. त्यामुळे अर्धवट घडलेला माल मागे साचत गेला.

पुढे जपानात अकिरा एंडो या शास्त्रज्ञाने सुमारे सहा हजार बुरशी व तत्सम सूक्ष्मजीव पारखले आणि १९७३ साली एका निळसर-हिरव्या बुरशीतून हवा तो पदार्थ मिळविला. ती बुरशी क्योटोतील एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरची! उंदरांवर त्याचा गुण दिसेना, कोंबड्यांवर दिसला. या घराण्यातील औषधांना स्टॅटिन म्हणतात. पहिले १९८७ साली अमेरिकेत विक्रीस आले. स्टॅटिन अडविते ती पायरी आरंभाकडची. तेथे अडलेला माल पाण्यात विरघळणारा असल्याने शरीर त्याची सहज विल्हेवाट लावते. घरची निर्मिती कमी झाली की यकृत रक्तातले एलडीएल अधिक ओढून घेते. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निकाल १९९४ साली आला: गोळी घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी कमी.

तथापि हेही औषधच आहे. २००१ साली सेरिव्हास्टॅटिन हे एक स्टॅटिन बंद करावे लागले. त्याने, विशेषतः जेमफायब्रोझिल या दुसऱ्या गोळीबरोबर घेतल्यास, स्नायू झिजून मूत्रपिंडे निकामी होत. आजच्या स्टॅटिनांत असे फार क्वचित घडते. पण सर्व स्नायू ठणकू लागले, अशक्तपणा आला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. साधी अंगदुखी मात्र निराळी. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी प्रयोगात, त्रास होतो म्हणून गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी, काही महिने पोकळ गोळी दिली. त्रासापैकी सुमारे ९० टक्के पोकळ गोळीनेही झाला. याचा अर्थ दुखणे खोटे असा नव्हे. त्याचे मूळ नेहमी गोळीतच असते असे नाही, इतकाच.

आरंभी यकृताची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचीही करावी, कारण ती ग्रंथी मंदावली तर कोलेस्टेरॉल चढते आणि स्नायूही हळवे होतात. रक्तातील साखर किंचित वाढू शकते. तरी मधुमेह्यांना यातून होणारा लाभच मोठा. गर्भवतीने, किंवा मूल हवे असलेल्या स्त्रीने, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी जंतुनाशके काही स्टॅटिनांचे रक्तातले प्रमाण भलतेच वाढवितात. म्हणून खोकल्याचे औषध लिहून घेतानाही या गोळीचे नाव सांगावे. आणि आकडा उतरत नाही म्हणून आपल्याच मनाने मात्रा दुप्पट करू नये: दुप्पट मात्रेने एलडीएल आणखी जेमतेम सहा टक्के उतरते, अपायाची शक्यता मात्र वाढते.

मास्तरांना मी घरातील सगळी औषधे घेऊन बोलाविले. पिशवीत गुडघ्यांसाठी कोणी तरी दिलेल्या दोन पुड्या निघाल्या. त्यांत काय आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हते. त्या मी काढून ठेवल्या, स्टॅटिन पुन्हा सुरू केले आणि तीन महिन्यांनी रक्त तपासून यावयास सांगितले.