ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप सुधारा, कामाचं वातावरण सुधारेल! वापरून पाहा या ४ गोष्टी

उरणमध्ये 'कामावर कधी असतोस?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा शिफ्टमध्येच मिळतं. न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि ते रात्रंदिवस चालतं. त्याच्या आजूबाजूला कंटेनर फ्रेट स्टेशन, ट्रान्सपोर्ट आणि कस्टम क्लिअरिंगची ऑफिसं. मीही अशाच एका ऑफिसात काम करतो. तिथलं वातावरण कसं आहे ते ऑफिसचा ग्रुप उघडला की लगेच कळतं.

चूक सांगायची भीती वाटते का?

कंटेनरचा नंबर नीट बघा. ४ अक्षरं, ६ आकडे आणि शेवटी १ 'चेक डिजिट'. आधीच्या १० अक्षर-आकड्यांवर गणित करून हा शेवटचा आकडा काढतात. टाइप करताना एखादा आकडा चुकला, तर बहुतेक वेळा हिशोब जुळत नाही आणि सिस्टीम चूक पकडते. माणूस चुकणारच, हे धरूनच ही पद्धत बनवलीय.

पण एका ऑफिसात नंबर चुकला म्हणून एका मुलाला ग्रुपवर सगळ्यांसमोर झापलेलं मी पाहिलंय. त्यानंतर चुका होतच राहिल्या, फक्त लोकांनी सांगणं बंद केलं. यार्डात क्रेन आणि ट्रेलर फिरत असताना लपवलेली चूक कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

गुगलने २०१२ पासून 'प्रोजेक्ट ॲरिस्टॉटल'मध्ये आपल्या १८० टीम्सचा अभ्यास केला. चांगलं काम करणाऱ्या टीममध्ये सगळ्यात महत्त्वाची ठरली ती मानसिक सुरक्षितता. म्हणजे 'मला कळलं नाही', 'माझं चुकलं' हे न घाबरता बोलता येणं.

मग करायचं काय?

१. म्यूट करा: ८ तास, १ आठवडा किंवा कायमचं, असे पर्याय मिळतात. शिफ्ट संपली की ८ तास निवडा. कुणी @ लावून तुमचं नाव घेतलं तर नोटिफिकेशन येऊ शकतं, म्हणून @ फक्त गरजेलाच वापरायचं ठरवा.

२. सूचनांचा वेगळा ग्रुप: ग्रुप सेटिंगमध्ये मेसेज पाठवण्याची परवानगी फक्त ॲडमिनला द्या. शिफ्टचं वेळापत्रक 'गुड मॉर्निंग'च्या फोटोंखाली दबणार नाही.

३. तातडीचं असेल तर फोन: रात्री २ वाजता झोपलेल्या माणसाकडून ब्लू टिकची अपेक्षा नको.

४. शाबासकी ग्रुपवर, कानउघाडणी एकट्यात: यासाठी कुठलीच सेटिंग लागत नाही, पण फरक सगळ्यात जास्त पडतो.

कायदा काय म्हणतो?

फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर 'डिस्कनेक्ट' होण्याचा हक्क २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत यासाठी खासगी विधेयक मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. तोपर्यंत नियम ऑफिसनेच ठरवायचे आणि सुरुवात साहेबांपासून व्हायला हवी. रात्री ११ वाजता पहिला मेसेज त्यांचाच येत असेल, तर म्यूट करायची हिंमत नवीन पोरगा कुठून आणणार?