चित्रकार घडतात, प्रेक्षक कोण घडविणार?

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रात दरवर्षी काही लाख मुलेमुली बसतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव करण्यासाठी शाळा सुटल्यावर वर्ग भरतात. इतक्या मोठ्या संख्येने मुलांच्या हाती कुंचला देणारा प्रांत देशात विरळाच असेल. तथापि या उत्साहामागचे एक कारण दहावीच्या निकालात मिळणाऱ्या वाढीव गुणांत आहे, हे शिक्षक जाणतात आणि पालक तर अधिकच जाणतात. गुण पदरात पडले की रंगपेटी माळ्यावर जाते. ज्याला चित्र काढता येत नाही पण पाहता येते, असा मनुष्य या परीक्षांतून क्वचितच बाहेर पडतो.

या लाखांतून जे थोडे पुढे कलाविद्यालयात जातात, त्यांचे जीवन समाजाला फारसे ठाऊक नाही. मुंबईतील सर ज. जी. कला महाविद्यालय व उपयोजित कला संस्था, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालये आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील खाजगी कलाविद्यालये यांतून मराठवाड्यातील शेतकऱ्याचा मुलगा, कोकणातील गणपती घडविणाऱ्याचा मुलगा, गिरणगावातील कामगाराची नात एकाच बाकावर येऊन बसतात. घरातून निघताना त्यांनी एक प्रश्न ऐकलेला असतो : ‘याचे पुढे काय?’ हा प्रश्न निव्वळ अरसिकपणाचा समजू नये. चार वर्षे कमाई न करणारा मुलगा म्हणजे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला खरोखरीच परवडणारी गोष्ट नव्हे.

या शिक्षणाचे अर्थकारणही निराळे आहे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मागल्या वर्षीच्या मुलाकडून अर्ध्या किमतीत पुस्तके घेतो आणि पुढल्या वर्षी ती विकतो. रंगाची नळी एकदा पिळली की संपली; वापरलेल्या कॅनव्हासला जुन्या बाजारात भाव नाही. शासकीय महाविद्यालयात शुल्कापेक्षा कागद, रंग आणि ब्रश यांचाच खर्च अधिक होतो, आणि तो भरेल अशी शिष्यवृत्ती सहसा नसते. म्हणून विद्यार्थी कॅनव्हासऐवजी हार्डबोर्ड वापरतो, कार्ट्रिज पेपरच्या दोन्ही बाजू भरतो. गणेशोत्सवात मखरे आणि लग्नसराईत रांगोळ्या करून रंगाचे पैसे उभे करतो. या ओढगस्तीतून काटकसरीची रेषा शिकता येते असे कोणी म्हणेल. परंतु तसे म्हणणारा बहुधा स्वतः कधी उपाशी राहिलेला नसतो.

त्याचा खरा वर्ग मात्र पुष्कळदा रेल्वे स्थानकावर भरतो. ज. जी.पासून हाकेच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आहे. बोचक्यावर डोके टेकून झोपलेला प्रवासी, पाय पसरून बसलेली म्हातारी, भिंतीला टेकून विडी ओढणारा हमाल, ही सारी बिनपगारी मॉडेले. विद्यार्थी वही उघडतो आणि पाचदहा मिनिटांत त्याच्या खांद्यामागे माणसे जमतात. ‘नाक जमलं, पण पाय लहान आला,’ असे कोणी बोलून जातो आणि ती टीका बहुतेक वेळा बरोबर असते. चित्र काढणारा आणि चित्र पाहणारा यांची अशी समोरासमोर भेट त्या विद्यार्थ्याच्या पुढील आयुष्यात फार वेळा होणार नाही. वर्षअखेरीस महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन भरते. थोडे दिवस वर्दळ राहते. मग चित्रांच्या गुंडाळ्या वसतिगृहातील खाटेखाली जातात. जहांगीर कलादालन १९५२ साली उघडले आणि आजही मुंबईत ते सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. पण तेथील दिवस मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. चौकटी, निमंत्रणपत्रिका, भाडे यांचा भार सोसून प्रदर्शन मांडावे, तर येणाऱ्यांत निम्मे लोक स्वतःच चित्रकार असतात.

हे आजचेच आहे असे नाही. सर जमशेटजी जीजीभाई यांनी १८५३ साली एक लाख रुपयांची देणगी दिली आणि मार्च १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांचे पहिले मोठे सामूहिक काम म्हणजे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली १८७२ ते १८८५ या काळात पेस्तनजी बोमनजी यांच्यासारख्या तरुणांनी अंधाऱ्या लेण्यांत बसून सुमारे तीनशे चित्रपट उतरविले. ते लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात रवाना झाले आणि १८८५ च्या आगीत त्यांतील बरेच जळून गेले. (मेजर रॉबर्ट गिल यांनी आधी केलेल्या बहुतेक प्रतिकृतीही १८६६ साली लंडनच्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये अशाच भस्मसात झाल्या होत्या; त्या अनुभवावरून कोणी काही शिकले नाही.) ज्या खानदेश-मराठवाड्याच्या सीमेवर हे काम झाले, तेथील रयतेला ते दाखवावे असे कोणाच्या मनातही आले नाही. सत्ता परकी होती, हे त्याचे एक कारण. ती गेल्यानंतरची वर्षे आता बरीच झाली आहेत.

चित्र मराठी घरात पोचले ते प्रदर्शनातून नव्हे, छापखान्यातून. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप मुद्रणालय काढले आणि लक्ष्मी-सरस्वती देवघरात आल्या. १८९० साली ज. जी.त विद्यार्थी म्हणून आलेले आणि १९३१ पर्यंत तेथेच रमलेले रावबहादुर धुरंधर पोस्टकार्डांसाठी आणि पुस्तकांसाठी चित्रे काढण्यात कमीपणा मानीत नसत. त्यांचे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन कलाविद्यार्थ्याच्या जीवनाचा एक मोलाचा दस्तऐवज आहे. मडगावहून आलेले दीनानाथ दलाल हे याच संस्थेचे विद्यार्थी. १९४५ पासून त्यांनी ‘दीपावली’ चालविला आणि त्यांच्या व रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी दिवाळी अंक वाचणाऱ्या कारकुनाच्या व शिक्षकाच्या दोन खोल्यांच्या घरात रंग आणला. अंक जुना झाला तरी मुखपृष्ठ फाडून चौकटीत बसविले जाई. पुढे कलावर्तुळात ‘कॅलेंडरचित्र’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. त्या चित्रांत गोडवा अंमळ जास्त होता, हे खरे. परंतु या तुच्छतेने चित्रकार आणि मध्यमवर्ग यांच्यातला एकमेव चालू रस्ता बंद केला आणि त्याजागी दुसरा बांधला नाही.

आज वृत्तपत्रांत चित्रकला झळकते ती लिलावाच्या आकड्यांमुळे. मार्च २०२५ मध्ये हुसेन यांचे १९५४ सालचे ‘ग्रामयात्रा’ न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर्सना गेले. गंमत अशी की, त्यापूर्वी अनेक दशके ते ओस्लोच्या एका रुग्णालयाच्या मालकीचे होते. त्या आकड्याने ज. जी.तील तिसऱ्या वर्षाच्या मुलाचा कागद स्वस्त होत नाही आणि परभणीच्या शिक्षकाच्या भिंतीवर चित्रही लागत नाही.

प्रेक्षक घडतो तो शाळेत. तेथे काय चालले आहे? शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील परिशिष्टानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तरच कलाशिक्षणासाठी निदेशक, तोही अर्धवेळ. जिल्हा परिषदेच्या ग्रामीण शाळांपैकी असंख्य शाळांचा पट या रेषेखाली आहे. म्हणजे वाडीवरच्या मुलाला चित्रकलेचा शिक्षक मिळण्याचा कायदेशीर हक्कच नाही. दुसरीकडे कलाशिक्षक पदविका घेतलेले तरुण नेमणुकीची वाट पाहत मोबाइलच्या दुकानाच्या पाट्या रंगवीत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कलेविषयी पुष्कळ चांगली वाक्ये आहेत. ती शिकवायला माणूस लागतो आणि माणसाला वेतन लागते. मागणी निर्माण करणारा घटकच काटकसरीत छाटायचा आणि मग चित्रांना ग्राहक नाही म्हणून हळहळायचे, हा हिशेब कोणत्याही दुकानदाराला पटणार नाही.

यावर असे सांगितले जाते की, आता प्रत्येक विद्यार्थी आपले चित्र मोबाइलवरून क्षणात हजारांना दाखवितो. मग दालन कशाला आणि शिक्षक कशाला? हे सुलभीकरण स्वागतार्हच आहे. पण तळहाताएवढ्या काचेवर सहा फुटी चित्र आणि तिकीट यांचे आकारमान सारखेच दिसते, रंगाचा थर दिसत नाही, आणि पाहणारा अंगठ्याने ते पुढे ढकलतो. शिवाय ते पोचते ते आधीच पाहणाऱ्यांपर्यंत. खांद्यामागे उभा राहून ‘पाय लहान आला’ म्हणणारा हमाल त्यात नाही.

२०२३ साली ज. जी.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. अभ्यासक्रम आखण्याची मोकळीक आली आहे, तेव्हा एक साधी तरतूद करता येण्याजोगी आहे : शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपली दहा मूळ चित्रे घेऊन आपल्या तालुक्यातील एका शाळेत आठवडाभर राहावे, चित्रे वर्गाच्या भिंतीला लावावीत, मुलांसमोर काम करावे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. त्याला गुण असावेत, कारण गुणांवाचून आपल्याकडे काही हलत नाही. खर्च म्हणाल तर एस. टी.चे भाडे, एक पत्र्याची नळकांडी आणि जेवणखाण. शाळेने फक्त एक भिंत मोकळी ठेवायची. एरवी त्या भिंतीवर सुविचार आणि मान्यवरांच्या तसबिरी असतात. आठवडाभर त्या उतरवून ठेवायला मुख्याध्यापकांना शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागणार नाही, एवढे मात्र त्या आदेशातच नमूद केलेले असावे.