आजच नाव घालायचं

सकाळी साडेसहा. पौषातली थंडी, बोडीवर, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यावर, धुकं. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात या दिवसांत धानाची मळणी सरत आलेली असते. बांध्या रिकाम्या होतात आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत पालं उतरतात. नाथजोगी, बहुरूपी, गोपाळ. धान घरात आलं की पसाभर मागायला फिरणारी ही कुटुंबं. काल रात्री पोलीस पाटलांनी सांगितलं, नवेगावबांधच्या रस्त्याला बोडीच्या पाळीखाली पालं पडलीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि शाळेची बालरक्षक आहे, म्हणजे शाळेबाहेर राहिलेलं मूल हुडकून वर्गात आणायचं काम माझ्याकडे आहे. मोठी माणसं साडेसातला फेरीवर निघतात. त्याआधी गाठलं नाही तर दिवस गेला.

पालाशी गेल्यावर वही पिशवीतच ठेवते. अनोळखी माणसानं मुलांची नावं, वयं विचारत फिरणं या लोकांना घाबरवतं, आणि त्याला कारण आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. तेव्हापासून गाव पालाकडे संशयानं पाहतं आणि पाल गावाकडे. म्हणून आधी चुलीशी बसायचं, म्हातारीशी बोलायचं, मी कुठल्या शाळेची ते सांगायचं. मग मुलांचा विषय.

आज तीन मुलं शाळेच्या वयाची निघाली. दोन मुलगे भावंडं, आणि दहाएक वर्षांची एक मुलगी. तिच्या कडेवर दीड वर्षाचा भाऊ. तिची आई सरळ म्हणाली, "म्याडम, पोट्टीले नेता तं बारक्याले कोन पाहीन?"

या प्रश्नापाशी पालावरच्या किती मुलींची शाळा थांबली असेल! अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलाला बसवते, दीड वर्षाच्या लेकराला नाही. मी म्हटलं, "त्यालाही घेऊन येऊ द्या. दुपारी तुम्ही परत आलात की घेऊन जा." नियमात याला जागा नाही, पण मनाईही नाही.

साडेआठला घरी. डबा, अंघोळ.

दहा वाजता शाळा उघडते. मुलं आली. मोठा मुलगा नवा शर्ट घालून, मुलगी बारक्यासकट. आता खरं काम सुरू होतं, ते कागदाचं. जन्मदाखला नाही, आधार नाही, आधीच्या शाळेचा दाखला नाही. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं, हा पहिला प्रश्न. मी लिहिते: पाल, बोडीची पाळ, आणि गावाचं नाव.

१ एप्रिल २०१० पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष अर्धं सरलं म्हणूनही नाही. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी मूल बाहेर ठेवता येत नाही. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणं स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून त्यात वेगळं नोंदलं आहे. आधार नसल्यानं मुलाचा हक्क अडवता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सांगितलं. असं असूनही पालावरच्या आईबापांना ठिकठिकाणी ऐकावं लागतं, "कागद घेऊन उद्या या." उद्या पाल दुसऱ्या गावाला असतं. ज्याला पक्कं घर आहे त्याच्यासाठी उद्या म्हणजे एक दिवसाचा उशीर. या मुलांच्या बाबतीत त्याचा अर्थ नकार असाच होतो.

शाळा असं का करतात, तेही सांगायला हवं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत ठरतात आणि तिथे आधार जुळलेली मुलंच धरली जातात. महिनाभरानं निघून जाणारं, आधार नसलेलं मूल पटावर घेतलं की पदाला उपयोग शून्य, गैरहजेरीचा डाग मात्र शाळेला. म्हणजे कायदा एका बाजूला ओढतो आणि हिशेब दुसऱ्या. मुलाला दारात उभं करणाऱ्या मुख्याध्यापकाची बाजू मी घेणार नाही, पण ही मोजणी बदलल्याशिवाय दारं मनापासून उघडणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

वय ठरवायला आईबापांचं लेखी निवेदन चालतं. लहान मुलाचा बाप म्हणाला, "नोटा बंद झाल्या तवा हा पोटात होता." म्हणजे २०१६ चा हिवाळा, जन्म २०१७ च्या सुरुवातीचा. वाक्य लिहिलं, अंगठा घेतला, नाव घातलं. अकराच्या आत तिन्ही मुलं हजेरीपटावर होती.

दीड वाजता खिचडी. पंगतीत आमच्याच एका मुलानं "मांगणारे" म्हणून बोट दाखवलं. मी त्याला रागावले नाही. नव्या मुलाच्या शेजारी बसवलं आणि स्वतः पलीकडे बसून जेवले. बारक्यानं सर्वांत जास्त खाल्लं.

तीन वाजता. मोठा मुलगा वयाप्रमाणे पाचवीत बसतो, कारण कायदा वयानुसार वर्ग देतो. त्याला अक्षर येत नाही. मग विशेष प्रशिक्षण, तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत देता येतं. पण पाल इथे महिनाभर. म्हणून मी त्याला जे येतं तिथून धरते. गोंदियाहून वडशापर्यंतच्या रेल्वेची स्टेशनं तो क्रमानं सांगतो, पाच पायली धानाचे पैसे तोंडी काढतो. आज सौंदड आणि अर्जुनी ही दोन नावं फळ्यावर लिहून घेतली. दुसऱ्यांदा त्यानं न पाहता लिहिली.

साडेपाचला मुलांना सोडायला पुन्हा पालावर. मुलांचा बाप जातीच्या दाखल्याचं विचारत होता. शिष्यवृत्ती, आश्रमशाळा, सगळं त्या दाखल्यावर अडतं. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा महाराष्ट्रातला वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्याचा आजा पालातच जन्मला आणि पालातच गेला, त्यानं तो कुठून आणायचा? २०११ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे, जागा आणि घर देणारी, पण तिच्या दारातही हाच दाखला.

याच तालुक्यात प्रतापगडजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. देश सुटलेल्या त्या माणसांकडे इथला जुना पुरावा कुठला असणार? तरी त्यांना जमीन मिळाली, वसाहत उभी राहिली. ते योग्यच झालं. मग इथल्याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या फिरणाऱ्यांना पाच गुंठे का मिळू नयेत, हा प्रश्न तिथून जाताना दरवेळी मनात येतो.

सात वाजता गावात. पालं येतात त्याच दिवसांत आमचे मजूर जातात, तेलंगणात मिरची तोडायला. एका घरची गाडी परवा पहाटे निघणार, चौथीतली मुलगी सोबत. तिच्यासाठी शिक्षण हमी कार्ड भरलं. कार्डावर तिची इयत्ता आणि तिला काय येतं याची नोंद असते, ते दाखवून जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावं. पण तिथली शाळा तेलुगू. कार्डानं दार उघडेल, भाषा समजणार नाही. बीडकडे ऊसतोडीच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात, इथे मी मुलीच्या आजीला विचारते, ठेवून घ्याल का. तासभर बोलल्यावर आजी म्हणाली, "राहू द्या माझ्यापाशी." आई रडली, मग हो म्हणाली. कार्ड तरी त्यांच्याजवळ दिलं, बेत बदलला तर हाताशी असावं.

नऊ वाजता जेवण उरकून वही. दिवसाच्या नोंदी लिहिताना दूरचा एक कायदा आठवतो. अमेरिकेत १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानं बेघर मुलांचा असाच हक्क मान्य केला. कागद नसले तरी लगेच प्रवेश, जुन्या शाळेत राहायचं असेल तर येण्याजाण्याची सोय, आणि प्रत्येक शालेय जिल्ह्यात या मुलांसाठी नेमलेला एक समन्वयक. आपल्याकडे हे काम वर्ग सांभाळणारा शिक्षक वेळ काढून करतो. तालुक्याला एक पूर्णवेळ माणूस द्या, एवढी मागणी मी प्रत्येक बैठकीत मांडते आणि मांडत राहीन.

पालावरच्यांनी पुढचं गाव केशोरीकडचं सांगितलं आहे. तिथल्या शाळेतल्या गुरुजींना फोन लावला, तिन्ही मुलांची नावं, वयं, वर्ग आणि कुणाला काय येतं ते सांगितलं. "पालं उतरली की त्याच सकाळी जा," म्हटलं. "बारक्यालाही येऊ द्या." त्यांनी लिहून घेतलं.